फायबरच्या होडीचा रंग घरच्या घरी पांढऱ्यावरून गडद निळा करता येईल का?

प्रश्न : खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यात देवबागला, कर्ली नदीच्या अंगाला आमचे घर आहे. वडिलांनी १३ वर्षांपूर्वी घेतलेली १६ फुटी फायबरची होडी आमच्याकडे असून ती धंद्यासाठी वापरली जात नाही. नदीपलीकडे जाणे-येणे आणि घरच्यापुरती गरी टाकणे एवढाच तिचा उपयोग आहे. काम झाले की आम्ही तिला पुळणीवर ओढून घेतो आणि पावसाळ्यात माडांच्या बागेत पालथी घालून ठेवतो.

आता तिचा पांढरा रंग पार विटला आहे. बाजूला हात लावला, तर तळहाताला खडूसारखी पूड लागते. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, कोळिष्टकासारख्या दोन बारीक तडा आहेत आणि तळाच्या कण्यावर, म्हणजे वाळूवर घासला जातो तिथे, साधारण दोन फूट लांबीत वरचा थर जाऊन आतले काचतंतू दिसू लागले आहेत. गेल्या वर्षी मी चमक यावी म्हणून दोन्ही बाजूंना मोटारीचे पॉलिश लावले होते. चमक महिनाभर टिकली.

डिसेंबरच्या सुट्टीत मी आणि धाकटा भाऊ मिळून होडी गडद निळ्या रंगाची करावी असा विचार आहे. रंगाच्या दुकानदाराचे म्हणणे असे, की चांगला ऑईल पेंट घ्यावा आणि सरळ दोन हात मारावेत. शेजारचे काका म्हणतात की गाड्या रंगवणाऱ्याला बोलावून स्प्रे करून घ्यावा, तर एका मित्राचा आग्रह आहे की फायबरला पुन्हा जेलकोटच लावला पाहिजे. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, पॉलिशमुळे काही अडचण येईल का आणि गडद निळा रंग या होडीला योग्य ठरेल का, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर : जुना तांडेल

आपण ज्या क्रमाने प्रश्न विचारले आहेत, त्याच्या उलट क्रमाने मी उत्तर देतो, कारण कोणता रंग लावायचा हा या कामातला शेवटचा आणि बराच सोपा निर्णय आहे, तर त्या पॉलिशचे काय करायचे हा पहिला आणि सर्वांत अवघड.

फायबरच्या होडीचा पांढरा रंग हा मुळात वरून लावलेला रंग नसतो. होडी साच्यात घडवताना सर्वांत आधी रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा जो थर देतात तो जेलकोट. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्या पाठीमागे काचतंतूंची चटई रेझिनमध्ये भिजवून बसवलेली असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी जेलकोटच्या पृष्ठभागावरचे रेझिन झिजते, त्यातले रंगद्रव्य सुटे होते आणि तीच पूड आपल्या हाताला लागते. पूड घासून काढली की खाली टणक थर सापडतो. म्हणजे होडी वाया गेलेली नाही.

मोटारीच्या पॉलिशमध्ये मेण असते आणि बऱ्याचदा सिलिकोनही असते. या दोहोंवर कोणताही रंग धरत नाही. ओल्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात किंवा रंग वाळल्यावर नखाने सालपटासारखा सुटतो. अनेक जण इथेच चुकतात आणि मेण काढण्याआधीच पृष्ठभाग सँडपेपरने घासून घेतात. त्यामुळे मेण निघून जाण्याऐवजी घासण्याच्या ओरखड्यांत आणखी खोल बसते. म्हणून पहिल्या दिवशी होडी साबण आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवावी. गोडे पाणी एवढ्यासाठी, की पृष्ठभागावर उरलेले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि पुढे रंगाखाली फोड येतात. होडी वाळल्यावर मेण काढणारे द्रावण दोन फडक्यांनी वापरावे: एका ओल्या फडक्याने पुसायचे आणि द्रावण उडून जाण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचे. फडकी सतत बदलत राहावीत, नाहीतर तेच मेण आपण एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला पसरवत राहतो. शेवटी त्यावर स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाणी सलग पापुद्र्यासारखे पसरून राहिले तर मेण गेले. ते थेंबाथेंबाने तुटले तर पुन्हा पुसावे. माझ्या एका होडीला हे चार वेळा करावे लागले होते.

त्यानंतर १२० नंबरच्या पेपरने सगळा पृष्ठभाग एकसारखा मंद होईपर्यंत घासावा. कुठेही चमकणारा डाग राहता कामा नये. तडा नुसत्या लांबीने (पुट्टीने) भरून चालत नाहीत. पत्र्याच्या टोकदार तुकड्याने त्या इंग्रजी ‘व्ही’ आकारात उघडून मग इपॉक्सीच्या लांबीने भराव्यात. कण्यावरच्या उघड्या काचतंतूंकडे मात्र रंगकाम म्हणून पाहू नये. तिथे पाणी तंतूंच्या कडेने आत शिरलेले असण्याची शक्यता आहे. त्या जागेवर प्लास्टिकचा एक चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा आणि सकाळी आतून बाष्प दिसले, तर होडी छपराखाली पालथी ठेवून आणखी सुकू द्यावी.

याच्या वर दोन घटकांच्या (म्हणजे मूळ माल आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर ऐनवेळी मिसळायच्या) इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर ३२० नंबरच्या पेपरने घासणे, आणि मग दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाचे पातळ तीन हात, असा क्रम ठेवावा. प्रायमरचा डबा हार्डनर मिसळल्यावर किती वेळ थांबायला सांगतो आणि पुढचा हात किती तासांच्या आत द्यायला सांगतो, हे दोन आकडे वाचल्याशिवाय काम सुरू करू नये. ठरलेल्या मुदतीत पुढचा हात पडला तर दोन थर रासायनिक रीतीने जुळतात. मुदत उलटली तर पुन्हा घासावे लागते. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर कधीकधी तेलकट चिकट साय धरते, ती घासण्याआधी साध्या पाण्याने आणि काथ्याने धुवून टाकावी.

आता वेळेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण डबा कोणताही असला तरी कोकणात काम बिघडवते ते दव. डिसेंबर हा महिना आपण बरोबर निवडला आहे. पण देवबागसारख्या, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या अरुंद पट्टीवर पहाटे सगळे काही ओले असते. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे असा नियम आहे. तो मोजायला साधन नसेल, तर सकाळी साडेनवाच्या आधी रंगाला हात लावू नये आणि दुपारी एकनंतर नवा हात सुरू करू नये, एवढे पाळले तरी पुरते. संध्याकाळचे दव ओल्या पॉलियुरेथेनवर पडले की त्याच्या हार्डनरची पाण्याशी प्रक्रिया होते आणि सकाळी आरशासारखा दिसायला हवा तो रंग राखेसारखा मंद दिसतो. दुपारचा समुद्रावरचा वारा वाळू घेऊन येतो, हे आपल्याला मी सांगायला नको. माडाखाली काम करणार असाल तर वर ताडपत्री बांधावी. झावळीतून गळणारे पाणी ओल्या रंगावर नको आणि नारळ तर डोक्यावरही नको.

स्प्रेच्या बाबतीत मी शेजारच्या काकांशी अजिबात सहमत नाही. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचे तुषार श्वासात गेले तर कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले, की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही त्रास होतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा नसताना हे काम घराशेजारी, मुलाबाळांच्या वावरात करू नये. रोलर आणि ब्रशने उत्तम काम होते. घासताना उडणाऱ्या काचेच्या धुळीसाठी एन-९५ मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा लागतो, पण तो मास्क द्रावणाची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाची कार्ट्रिज असलेला मुखवटा घ्यावा.

उत्तर : रेझिनवाला

मी गेली अनेक वर्षे फायबरच्या कामात आहे. तांडेलांनी लिहिलेले बहुतेक सगळे मला मान्य आहे, तरी दोन ठिकाणी माझे मत वेगळे आहे आणि एक इशारा राहून गेला आहे.

इशारा आधी देतो. कण्याची दुरुस्ती आपण पॉलिएस्टर रेझिनने करायची ठरवली, तर दुकानातून तीन गोष्टी वेगवेगळ्या मिळतील: रेझिन, प्रक्रियेचा वेग वाढवणारा जांभळट रंगाचा कोबाल्ट आणि रेझिन घट्ट करणारा, पाण्यासारखा दिसणारा कॅटलिस्ट. कोबाल्ट आणि कॅटलिस्ट हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, एकाच भांड्यात किंवा एकाच चमच्याने मोजूही नयेत. त्यांचा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावा आणि त्यानंतरच कॅटलिस्ट घालावा. कॅटलिस्टचा एक थेंब डोळ्यात गेला तरी डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नये. नवख्याने या भानगडीत न पडता कण्यासाठी इपॉक्सी रेझिन आणि काचेचे कापड वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवर घट्ट धरते. याच्या उलट मात्र होत नाही: इपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट भरवशाने धरत नाही, म्हणून एकदा इपॉक्सी लावली की पुढचे सगळे थर इपॉक्सीवर चालणारेच असले पाहिजेत.

यातूनच आपल्या मित्राच्या जेलकोटच्या आग्रहाचे उत्तर मिळते. जेलकोट साच्याच्या गुळगुळीत भिंतीवर लावण्यासाठी आहे. उघड्या हवेत तो वरून चिकट राहतो, कारण हवेतला प्राणवायू त्याचे घट्ट होणे रोखतो. त्यात मेणाचे द्रावण घालून तो वाळवला, तरी संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो आणि मग चार-पाच नंबरांचे वॉटर पेपर बदलत सगळी होडी घासून चमकवावी लागते. तळहाताएवढ्या दुरुस्तीला तो ठीक आहे, पण १६ फुटी होडीचा रंग बदलायला नव्हे.

आता मतभेद. पहिला असा, की ऑईल पेंट इतका वाईट नाही. दुकानदाराने सरळ दोन हात मारायला सांगितले ते चूकच आहे, परंतु नीट तयारी करून, इपॉक्सी प्रायमर देऊन त्यावर चांगला इनॅमल, म्हणजे हाच ऑईल पेंट, लावला, तर बहुतेक दिवस कोरड्यात राहणाऱ्या होडीवर तो दोन वर्षे काढतो. तो स्वस्त आहे, त्यात आयसोसायनेट नाही आणि ओरखडा गेला तर रविवारी सकाळी तेवढाच ठिपका भरता येतो. मात्र हा निर्णय आताच घ्यावा. उद्या इनॅमलवर दोन घटकांचा पॉलियुरेथेन लावायला गेलात, तर त्यातले द्रावण खालचा थर उचलते, त्याला सुरकुत्या पडतात आणि सगळे खरवडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरा मतभेद निळ्या रंगाबद्दल, ज्यावर तांडेल काहीच बोलले नाहीत. गडद रंग ऊन शोषतो. भर दुपारी पुळणीवर ठेवलेली गडद निळी होडी हात ठेवता येणार नाही इतकी तापते, आणि साधे पॉलिएस्टर रेझिन त्या उष्णतेत थोडे मऊ होऊन पुन्हा आवळते. मग आतल्या चटईची वीण रंगातून उमटू लागते. शिवाय पांढऱ्या रंगात लपलेला प्रत्येक उंचवटा गडद चमकदार रंगात दुरून दिसतो आणि वाळूचा प्रत्येक ओरखडा निळ्यावर पांढरी रेघ होऊन बसतो. दर वेळी ओढून वर घ्यायच्या होडीला मी हा रंग सुचवणार नाही.

उत्तर : बंदरकाठ

रंगकामाचा नव्हे, पण रंगाचाच एक मुद्दा आहे. आपली होडी मासेमारी नौका म्हणून नोंदलेली असेल, तर रंग ही पूर्णपणे आपल्या मर्जीची बाब राहत नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गे, बळकावलेल्या एका मासेमारी नौकेतून आले होते. त्यानंतर कोणती नौका कोणत्या राज्याची आहे हे गस्त घालणाऱ्यांना दुरून ओळखता यावे, म्हणून किनारी राज्यांच्या मासेमारी नौकांसाठी रंगसंकेत आले. केरळमधल्या ट्रॉलरचे (यांत्रिक मासेमारी नौकांचे) निळे धड आणि नारिंगी केबिन हे त्याचेच रूप आहे. आपण गरी घरच्यापुरती टाकता हे खरे असले, तरी कागदावर होडी कशी नोंदलेली आहे ते पाहावे आणि डबा विकत घेण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला एकदा विचारून घ्यावे.

नोंदणी क्रमांक घासून टाकण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत, अक्षरांची उंची आणि जागा मोजून ठेवावी, आणि नवा रंग वाळल्यावर उठून दिसेल अशा विरोधी रंगात क्रमांक लगेच परत लिहावा. क्रमांक नसलेली होडी पाण्यात घालू नये.

प्रश्नकर्ता : खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल मी पाणी ओतून पाहण्याची परीक्षा केली आणि तांडेलांनी वर्णन केल्याप्रमाणे पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे थेंब होऊन गेले. म्हणजे पॉलिश अजून जसेच्या तसे आहे आणि मी तर या रविवारी सरळ घासायलाच सुरुवात करणार होतो.

कण्याजवळ प्लास्टिकखाली सकाळी थोडे बाष्प दिसले, म्हणून होडी आता पडवीत पालथी ठेवली आहे आणि काम डिसेंबरच्या अखेरीस घेणार आहे. नोंदणीचे कागद वडिलांनी काढून ठेवले आहेत आणि भाऊ सोमवारी विचारून येईल. परवानगीची अडचण नसेल, तर बाजूंना फिका निळा, तळाला पांढरा आणि काठाखाली चार इंचांची गडद निळी पट्टी असे ठरले आहे. पट्टी हा वडिलांचा हट्ट असून ती वाळूला लागत नसल्यामुळे मी मान्य केला. रंग पॉलियुरेथेनच घेऊ. आता दोन शंका राहिल्या आहेत: माल किती आणावा, आणि होडी जमिनीवर असताना निळ्या-पांढऱ्याच्या सीमेची रेघ सरळ कशी आखावी? तसेच तळाला शेवाळ आणि कालवांसारखे कवचाचे जीव धरू नयेत म्हणून मिळणारा तांब्याचा रंग लावावा का?

उत्तर : जुना तांडेल

रेझिनवाल्यांनी निळ्याबद्दल लिहिले ते योग्यच आहे. माझी स्वतःची होडी पांढरी असल्यामुळे तो विचार माझ्या मनात आला नाही.

मालाचा हिशेब असा करावा. होडी जवळजवळ ४.९ मीटर लांब आहे. बाजूंची उंची सरासरी ६५ ते ७० सेंटिमीटर धरली, तर दोन्ही बाजू मिळून सुमारे ७ चौरस मीटर होतात. तळ दीड मीटर रुंद धरून आणि टोकाकडे निमुळता होतो म्हणून पाऊण पट घेऊन साडेपाच चौरस मीटर होतो. प्रायमर सगळीकडे दोन हात, म्हणजे २५ चौरस मीटर, आणि रोलरने लिटरमागे ८ चौरस मीटर होतील असे धरले तर तीन लिटरपेक्षा थोडा जास्त लागेल. रंग लिटरमागे १० चौरस मीटर धरून फिका निळा तीन हातांसाठी सव्वादोन लिटर आणि पांढरा दोन हातांसाठी सव्वा लिटर पुरेल. पट्टीला पाव लिटरही लागणार नाही. आपल्या होडीची मापे प्रत्यक्ष टेपने घेऊनच खरेदी करावी.

रेघेसाठी होडी सुलटी करून जुन्या टायरांवर पाण्यात जशी समतोल राहते तशी बसवावी आणि गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल ट्यूब वापरावी. नाळेवर जुन्या पाणरेषेच्या दोन इंच वर एक खूण करावी, नळीचे एक टोक तिथे धरावे आणि दुसरे टोक भावाने होडीभोवती फिरवत दर फुटावर खूण करावी. होडीच्या बाजूवरून मोजपट्टीने खाली मोजत गेलात तर रेघ वाकडीच येईल, कारण बाजू सगळीकडे सारख्या उताराच्या नसतात. या खुणांवरून लावलेली चिकटपट्टी शेवटच्या हाताचा रंग पूर्ण वाळण्याआधीच काढावी. उन्हात दोन दिवस राहिली, तर तिचा गोंद होडीवरच राहतो.

तांब्याच्या रंगाची आपल्याला गरज नाही. तो महिनोन्‌महिने पाण्यात नांगरून ठेवलेल्या होड्यांसाठी असतो आणि पुळणीवर ओढताना वाळू त्याला खरवडून टाकेल. रोज बाहेर येणाऱ्या होडीच्या तळाला पॉलियुरेथेन चालतो. सतत पाण्यात राहणाऱ्या तळाला मात्र तो लावू नये, त्याला फोड येतात.

रंग लावताना एकाने स्पंजच्या रोलरने दोन फूट रुंदीचा पातळ पट्टा लावत पुढे जावे आणि दुसऱ्याने लगेच मऊ ब्रशच्या टोकाने, दाब न देता, एकाच दिशेने फिरवत मागोमाग यावे. ब्रश मागे वळून पुन्हा त्याच जागी नेऊ नये, डाग दिसला तरी. तो पुढच्या हातात घासून जातो. थिनर पॉलियुरेथेनचाच घ्यावा. साध्या एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरमध्ये अल्कोहोल असते आणि ते हार्डनर खाऊन टाकते. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढेच मिश्रण करावे आणि हार्डनरचा डबा प्रत्येक वेळी लगेच घट्ट बंद करावा, कारण आपल्याकडच्या हवेत उघडा राहिलेला हार्डनर दुसऱ्या दिवशी साय धरतो. याच कारणाने एक मोठा डबा घेण्यापेक्षा लहान डबे घेतलेले बरे.